हिमनग नव्हे हो, समुद्रबर्फ!

प्रश्न असा आहे: कॅनडाच्या उत्तर टोकाला इनुइट (तिथले मूळ रहिवासी) शिकारी आणि विद्यापीठातले शास्त्रज्ञ मिळून गोठलेल्या समुद्राचा अभ्यास करतात, त्यावर मराठीत लेख लिहायचाय. ‘सी आइस’ला हिमनग म्हटलं तर चालेल का? की सागरी हिम? की समुद्री बर्फ?

हिमनग अजिबात चालणार नाही. उत्तर ध्रुवाची बातमी आली की तरंगणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या तुकड्याला आपल्याकडे हिमनग करून टाकतात. हिमनग हा जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात पडलेला तुकडा, म्हणजे गोड्या पाण्याचा. ‘सी आइस’ म्हणजे खुद्द खारं पाणी उणे 1.8 अंशांच्या आसपास गोठून झालेला थर. तो आधीच पाण्यावर असतो, त्यामुळे तो वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. ती वाढते ग्रीनलंडसारख्या ठिकाणी जमिनीवरचा बर्फ वितळतो तेव्हा. ‘आर्क्टिकचे हिमनग वितळले, मुंबई बुडणार’ या एका मथळ्यात दोन घोळ आहेत. तिसरा घोळ शब्दातच आहे, पण तो गोड आहे: न + ग, म्हणजे जो जागचा हलत नाही तो नग, पर्वत. आणि हा आमचा नग महासागरभर भटकतो!

आता हिम की बर्फ. शुद्धिवादी मंडळींची वाटणी ठरलेली असते: आकाशातून भुरभुरतं ते हिम, घट्ट गोठलेला तो बर्फ. मग हिमनदी, हिमयुग आणि वरचा हिमनग यांचं काय करायचं? या तिन्हींतला बर्फ घट्टच आहे. शिवाय ज्या फारसीतून बर्फ आला, तिथे बर्फ म्हणजे भुरभुरणारा. पारशांच्या धर्मग्रंथातल्या, अवेस्तातल्या ‘वफ्र’चा तो वंशज. घट्ट बर्फाला फारसीत ‘यख’ म्हणतात, म्हणून इराणात फ्रिजला यखचाल. म्हणजे आपण शब्द घेतला तो अर्थ बदलून, आणि पुढे त्याचीच बर्फी करून खाल्ली.

हिमाची गोष्ट याहून रंगतदार. संस्कृतात हिम म्हणजे थंडी आणि हिवाळासुद्धा. ऋग्वेदात ‘शतं हिमाः’ येतं, शंभर हिवाळे, म्हणजे शंभर वर्षं. रशियन ‘झिमा’ आणि लॅटिन ‘हिएम्स’ हे याच घरातले, दोन्हींचा अर्थ हिवाळा. आणि मराठीत? हिम झिजून झालं हिव. त्यातून हिवाळा, हिवसाळी पिकं, आणि हुडहुडी भरवणारा हिवताप. पठारावर हिमवर्षाव होत नाही, म्हणून आपण हिमातला पांढरा रंग टाकून दिला आणि नुसता गारठा ठेवला, असं माझं मत आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की दर हिवाळ्यात ‘हिमकण’ छापून येतं, तेव्हा तो रंग तेवढ्यापुरता परत येतो. सागरी हिम म्हटलं तर मराठी वाचकाला समुद्रावर पडलेला भुरा दिसेल. म्हणून समुद्रबर्फ.

आणखी एक हट्ट. समुद्र ‘गोठतो’ असं सगळे लिहितात. पण पाणी गोठतं, तूप थिजतं. खाऱ्या पाण्यावर आधी स्फटिकांचा मंद, तेलकट तवंग येतो, आणि पातळ समुद्रबर्फ तुटण्याआधी वाकतो, तळ्याच्या बर्फासारखा तडकत नाही. त्याला थिजणं हेच क्रियापद शोभतं. कोशात हा अर्थ नसेल तर कोशाने घालावा.

एस्किमोंकडे (इनुइट आणि त्यांच्या भाऊबंदांचं हे जुनं नाव) बर्फाला शंभर शब्द, ही थाप म्हणून भाषाशास्त्रज्ञांनी तिची इतकी टर उडवली की खरं काय तेही त्यात वाहून गेलं. मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआसने 1911 साली चारच शब्द दिले होते, तेही हिमाचे. समुद्रबर्फाचे मोजायला गेलात तर अलास्कातल्या वेल्स या एका गावातच शंभरावर भरतात. पूर्व कॅनडात ‘सिकू’ म्हणजे समुद्रबर्फ, ‘निलाक’ गोड्या पाण्याचा, ‘तुवाक’ किनाऱ्याला जखडलेला, ‘सिना’ म्हणजे जिथे बर्फ संपून उघडं पाणी लागतं ती कड. 2019 साली हडसन उपसागरातल्या सानिकिलुआकच्या मंडळींनी शिकाऱ्यांसाठी जे अॅप काढलं त्याचं नावच सिकू. बर्फाची नोंद तिथे आपल्या बोलीतल्या शब्दाने करता येते. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर 2009-10चा हिवाळा इतका ऊबदार गेला की नेहमीच्या वाटांवर माणसं बर्फ फुटून पाण्यात पडली. त्यानंतर तिथल्या इनुइटांनी आणि मेमोरियल विद्यापीठाने स्मार्टआइस हा उपक्रम उभा केला: जाडी मोजणारं यंत्र घसरगाडीवर बसवून स्नोमोबाइलमागे ओढायचं, आणि कुठे, कधी, ते गावाने ठरवायचं. (इनुइट हे अनेकवचनच आहे, एकटा असला तर इनुक. ‘इनुइट्स’ लिहू नका.)

शेवटचं, न विचारलेलं. प्रश्नासोबतच्या मसुद्यात ‘स्थानिकांच्या मदतीने संशोधन’ असं आहे. ही तृतीया खटकते. 1977 साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने अलास्कातल्या बोहेड देवमाशाच्या शिकारीवर बंदी घातली, कारण बर्फाच्या कडेला बसून केलेल्या मोजणीत देवमासे दोन हजारांच्या आतच भरत होते. तिथल्या बॅरो गावचे इन्युपियात (अलास्कातले इनुइट) शिकारी म्हणाले, ते बर्फाखालूनही जातात, पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात, तुम्हाला दिसणार कसे? मग पाण्यात ध्वनिग्राहक सोडले, बर्फाखालून जाणाऱ्यांचे आवाज मिळाले, आणि आकडा कितीतरी वर गेला. इथे कोण कोणाच्या मदतीने? ‘इनुइट आणि शास्त्रज्ञ’ अशी दोघांनाही प्रथमा द्या, क्रियापद अनेकवचनी ठेवा, आणि मग लेख पाठवा.