सरावातली चूक आणि मुलीची योग्यता

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका वडिलांचे पत्र आले आहे. दोनदा ‘नीट’ देऊनही प्रवेश न मिळालेल्या आणि आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला त्यांनी मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे रुग्णाच्या नोंदींतील निदान-उपचारांना ठरावीक कोड देण्याच्या कामाच्या, क्लासला घातले. तिथे सरावाचा एक प्रश्न चुकला, तेव्हा त्यांनी ती उत्तरपत्रिका नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. ‘हिला हेही जमणार नाही का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचे पत्र दोन पाने आहे, पण मुलीला स्वतःला काय वाटते हे त्यात एका ओळीनेही आलेले नाही. मला गुणांपेक्षा याचीच अधिक काळजी वाटते. शिकणाऱ्या माणसाची चूक काका-मामांसमोर मांडली की ते माणूस प्रश्न विचारायचे थांबते, आणि या व्यवसायात तर डॉक्टरांना लेखी शंका विचारणे हा रोजच्या कामाचाच भाग असतो.

आता ती चूक पाहू. सेव्होफ्लुरेन या श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या औषधाने भूल दिल्यावर रुग्णाचे स्नायू ताठ झाले, ताप झपाट्याने चढला, त्यावरचे डँट्रोलीन हे औषध द्यावे लागले आणि डॉक्टरांनी ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ असे स्पष्ट निदान लिहिले. मुलीने साध्या तापाचा आर ५०.९ हा कोड दिला. कोडिंग म्हणजे शब्द शोधून आकडा उतरवणे, हा समज तुमच्या पत्रातही दिसतो; तिने नेमके तेच केले आणि म्हणूनच ती चुकली. अमेरिकी रुग्णालयांसाठी वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडसंग्रहात भुलीमुळे होणाऱ्या या जीवघेण्या प्रतिक्रियेला टी ८८.३ हा स्वतंत्र कोड आहे आणि तापाच्या गटाखालची वगळणीची (‘हे निदान इथे नोंदवू नका’ अशी) सूचना तिकडेच पाठवते. त्यापुढच्या रिकाम्या जागी दोन ‘एक्स’ भरून सातवे अक्षर द्यायचे असते. त्यातला ‘ए’ पहिली भेट नव्हे, तर सक्रिय उपचार चालू असल्याचे दाखवतो. शिवाय औषधाच्या दुष्परिणामासाठी टी ४१.०एक्स५ए जोडावा लागतो. हे सारे सूचना वाचण्याच्या सवयीने येते.

परीक्षांचे म्हणाल तर सीपीसी किंवा सीसीएस या कोडिंगच्या प्रमाणपत्र परीक्षा हे परिचित मार्ग आहेत. मात्र ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्या क्लासकडून ती हमी लेखी घ्या.

तो फोटो गटावरून आजच काढा. कोडिंग करायचे की ‘नीट’ पुन्हा द्यायची, हे मी तुम्हाला सांगणार नाही. पुढचे पत्र मुलीने स्वतः लिहावे आणि ते पाठवण्यापूर्वी तुम्ही वाचू नये.