“माझ्यामुळं पोराला लागलं असंल का ओ?”

आईच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीत एचपीव्ही सापडतो, म्हणजे मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणारा आणि काही प्रकारांत कर्करोगाचं कारण ठरू शकणारा विषाणू. मग रात्रभर मोबाइल, आणि सकाळी पोराचा जबडा उघडून बॅटरी मारणं. या प्रश्नासाठी माझ्याकडं आलेली ही चौथी आई. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

हिनं चार वर्षांच्या मुलाचा पापा घेणं सोडलं होतं. पेला वेगळा, टॉवेल वेगळा. फिनलंडच्या तुर्कू शहरातला अभ्यास तिला पाठ होता: काही तान्ह्या बाळांच्या तोंडात विषाणू सापडला, थोड्याजणांत तो टिकून राहिला. बहुतेकांच्या तोंडातून तो आपोआप गेला, हे मात्र तिनं वाचूनही सोडून दिलेलं.

आधी तिला बालरोगतज्ज्ञांकडं धाडलं. तो प्रांत माझा नाही, मी समुपदेशक. त्यांनी तोंड, घसा बघितला आणि लक्षण नसताना स्वॅब घ्यायला साफ नकार दिला. ती आणखीच घाबरून परत आली.

“समजा, स्वॅब घेतला आणि काहीच निघालं नाही. आज रात्री पापा घ्याल?”

बराच वेळ ती पदराचं टोक पिळत बसली.

“न्हाई.”

“मग रिपोर्ट कशासाठी हवाय?”

“मीच घाण हाय, मॅडम. आणि ह्यांनी कुठनं आणलं, ते कुणाला विचारू?”

इथं गाठ सुटली. खरं सांगते, तोवर मीही पोराच्या तोंडाभोवतीच फिरत होते. माणसाला घटना जाळत नाही, तिचा लावलेला अर्थ जाळतो, हे मी वीस वर्षं सांगत आलेय, तरी चुकलेच.

पुढच्या भेटीत नवऱ्यालाही बोलावलं. हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना गाठतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. त्यामुळं कुणी, कधी दिला हे रिपोर्ट सांगत नाही. तो बेइमानीचा पुरावा नव्हे. आईनं मात्र स्वतःच्या पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. मुलाचा आवाज सतत बसलेला राहिला, श्वास घरघरला किंवा तोंडात चामखिळीसारखं काही दिसलं, तर डॉक्टर गाठायचे. या विषाणूच्या ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळं घशात तशा गाठी क्वचित होतात. एचपीव्हीची लस साधारण वयाच्या ९ ते १४ वर्षांत द्यायची. मुलग्यांनाही देता येते. तोवर पेले वेगळे ठेवायची गरज नाही.

शेवटच्या भेटीला पोरगं सोबत होतं. तिच्या हातातल्या पुडीतलं भडंग खात होतं. मधेच त्यानं चिकट बोटांनी एक घास आईच्या तोंडात कोंबला. तिनं खाल्ला, आणि मग त्याचं बोटही चावल्यासारखं केलं.