२२ वर्षांचा संसार दीड महिन्यात आवरायचाय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातला टू बीएचके, २२ वर्षांचं सामान, दीड महिन्यानी पुण्यात लहान भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचंय, आणि सासूबाई काही टाकू देत नाहीत.

आधी पॅकर्सचं. सर्व्हेला माणूस बोलवायची घाई करू नका. तो खोल्यांतून फिरून यादी करतो, त्यावरून चौदा फुटी गाडी पुरेल की सतरा फुटी लागेल ते ठरतं, आणि भाव तिथेच ठरतो. मागाहून निम्मं सामान काढलंत तरी भाव खाली आणायला पुन्हा घासाघीस करावी लागते. सर्व्हे निघायच्या दोन आठवडे आधी ठेवा. म्हणजे आवरायला साधारण चार आठवडे मिळतात.

सुरुवात माळ्यावरून करा. तिथलं सामान वर्षानुवर्षं कुणी मागितलेलं नसतं, त्यामुळे जीव अडकत नाही. पण रविवारी सगळा माळा एकदम खाली काढू नका. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही, सगळे दमतात आणि निम्मं परत वर जातं. दिवसाला एक कप्पा, दोन तास, आणि जे जायचं ते त्याच रात्री दाराबाहेर. 'शिफ्टिंगला लागतील' म्हणून ठेवलेली जुनी खोकी पहिली काढा. पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये झुरळांची अंडी असू शकतात, ती नव्या घरात पोचवण्यात काही शहाणपण नाही. अपवाद एकच: सध्याच्या टीव्हीचं मूळ खोकं थर्माकोलसकट असेल तर ते ठेवा. त्या मापाचं दुसरं सहज मिळत नाही.

भांड्यांत घाई महागात पडते. पितळ, तांबं, कासं आणि जर्मनचं (म्हणजे अॅल्युमिनियमचं) असे चार ढीग करा. भंगारवाला सगळं 'पितळ' म्हणून एका काट्यावर टाकू पाहतो. काशात तांब्याबरोबर कथील असतं आणि कथील महाग, म्हणून त्याची मोड पितळेच्या भावात देऊ नका. ओळखायचं कसं? वाटी बोटांच्या टोकांवर धरून चमच्यानं हलकेच टिचकी मारा. काशाचा नाद बराच वेळ घुमतो, पितळ लवकर गप्प होतं. हलकेच म्हटलंय ते मुद्दाम, कासं ठिसूळ असतं. मोडीचा भाव दोन भांडीवाल्यांकडे विचारून मगच घरी कुणाला बोलवा. रद्दीचंही तसंच: गठ्ठा हातात घेऊन आणि गठ्ठ्याशिवाय असे दोनदा घरच्या वजनकाट्यावर उभे राहा, फरक कागदावर लिहून ठेवा. रद्दीवाल्याचा ताणकाटा मग बराच सरळ वागतो.

फर्निचरचा निकाल पुण्याच्या फ्लॅटची मापं घेऊन करा: लिफ्टच्या दाराची उंची, जिन्याचं वळण, बेडरूमची भिंत. साडेसहा फुटी लोखंडी कपाट लिफ्टमध्ये उभं राहत नसेल तर हमाली मजल्यागणिक वाढते. बाकी लाकडी वस्तूंचा एखादा स्क्रू काढून भोकात बघा. भुसा गळला तर ते पार्टिकल बोर्ड. एकदा खोललं की भोकं सैल होतात, दुसऱ्या जोडणीत स्क्रू पकड धरत नाही आणि महिन्याभरात दार लोंबतं. ते इथेच विका. पातळ थर दिसले तर प्लाय, ते न्यायला हरकत नाही. पलंगाचे सांधे मात्र टॉर्च लावून तपासा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण, आणि तसा पलंग गाडीत चढला तर बाकीच्या सामानालाही लागतात.

कापसाच्या गाद्या फेकू नका, पिंजून नव्या होतात. फोमची बसलेली गादी कुणी फुकटही घेत नाही, त्यामुळे तिची सोय आधी लावा. सुती साड्यांची गोधडी होते, एका गोधडीला चार-पाच पुरतात. सिंथेटिक बोहारणीला द्या. जुनी जरीची साडी मात्र तिच्यासमोर उलगडूच नका. जरतार खरी असेल तर तिच्यात चांदी असते, म्हणून आधी जुनी जरतार विकत घेणाऱ्याला दाखवा.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी विक्रेता नवीवर बदली घेतो, तिला मोल आहे. फुगलेली मोबाइल बॅटरी आणि डबा टीव्ही ई-कचरा संकलनालाच द्या. टीव्हीच्या काचेत शिसं असतं, आणि भंगारात तांब्यासाठी तो फोडतात. अॅसिड, रंग, थिनर, भरलेला सिलिंडर पॅकर्स घेत नाहीत. लोणच्याच्या बरण्या तेल गाळतात, तेव्हा महिनाभर नवं भरू नका, आहे ते संपवा.

आता सासूबाई. 'हे टाकू का?' विचारलंत की उत्तर 'नको'च येणार. 'हे कोणाला देऊया?' असं विचारा. नाव त्यांनी सुचवलं, वस्तू त्यांच्याच हातून गेली, तर अडत नाही. त्यांच्यासाठी एक पेटी ठेवा. तीत काय ठेवायचं ते त्या ठरवतील, त्यावर कुणी बोलायचं नाही. फोटो आणि पत्रं शेवटच्या आठवड्यात. आधी उघडलीत तर दुपार तिथेच जाते.

कागदांत घराचं खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि घरातल्या मोठ्या कामांची बिलं कधीच टाकू नका. पुढे घर विकताना भांडवली नफ्यावरच्या कराच्या हिशेबाला ती लागतात.

आणि डाळीचे डबे, साड्यांच्या घड्या, देवघराचा खण रिकामा करण्याआधी चाचपून बघा, नोटा निघतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटांचं आता काही होत नाही. उलट २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं गुन्हा आहे. २००० ची निघाली तर ती अजून वैध आहे, पण बँकेची शाखा घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसमार्फत (नोटांचं काम बघणाऱ्या तिच्या कार्यालयामार्फत) खात्यात जमा होते. पुण्यात तसं ऑफिस नाही, तुम्हाला नवी मुंबईतलं बेलापूरचं जवळ आहे, तेव्हा ते काम ठाणे सोडायच्या आत उरका.