आधी चेंबर, कानस सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय की हातात १९८७ ची राजदूत ३५० आली आहे, जुने रेसर आपल्या टू-स्ट्रोक गाड्यांवर घरच्या घरी काय काय करायचे, आणि त्यातलं पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली मिश्रण आत आणि धूर बाहेर जायची भोकं (पोर्ट) घासून बदलणं, तुम्ही स्वतः कानस घेऊन केलं तर चालेल का.

कानस तूर्त खाली ठेवा. सिलिंडरमधून एकदा घासून काढलेलं बीड परत येत नाही, आणि आरडीचा (तुमची राजदूत म्हणजे यामाहाची आरडी ३५०च) चांगला ओरिजिनल ब्लॉक आता किती मुश्किलीने मिळतो हे तुम्हाला गाडी घेतानाच कळलं असेल.

मी एकोणीस वर्षांचा असताना कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये हाताखाली होतो. शेजारी लेथ, पलीकडे फाउंड्री, त्यामुळे हवा तो पार्ट संध्याकाळपर्यंत करून मिळायचा. आमचे वस्ताद शोलावरमच्या शर्यतींसाठी गाड्या तयार करायचे. मद्रासजवळची ती दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी. लांब सरळ रस्ता आणि फेब्रुवारीतही भाजणारं डांबर. तिथे इंजिन टिकलं तर कुठेही टिकतं, असं ते म्हणायचे.

मी पहिल्यांदा माझ्या मनाने काम केलं ते नेमकं तुमच्या मनात आहे तेच. एक्झॉस्ट पोर्ट दोन मिलिमीटर वर चढवला आणि सायलेन्सर कंपनीचाच ठेवला. गाडीचा खालचा पिकअप गेला आणि वरही काही मिळालं नाही. वस्तादांनी आवाज ऐकूनच विचारलं, "पोर्टला हात लावलास, आणि चेंबर कुठंय?" चेंबर म्हणजे मध्ये फुगलेला आणि पुढे निमुळता होणारा रेसिंगचा एक्झॉस्ट पाइप.

टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचा पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपात धावते. पाइप जिथे रुंदावत जातो तिथून ओढ धरणारी लाट मागे येते आणि सिलिंडरमध्ये ताजा चार्ज, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, खेचून घेते. त्यातला थोडा एक्झॉस्टमध्ये सांडतोच. पुढे पाइप निमुळता होतो तिथून दाबाची लाट परत फिरते आणि पोर्ट मिटायच्या आत तो सांडलेला चार्ज पुन्हा आत कोंबते. सगळी करामत ती लाट वेळेवर परतण्याची.

ही वेळ कागदावर काढता येते. समजा क्रँकच्या एका फेरीत (३६० अंशांत) पोर्ट १९० अंश उघडा राहतो आणि तुम्हाला ९००० आरपीएमला ताकद हवी आहे. तेवढ्या वेगाला पोर्ट साडेतीन मिलिसेकंदच उघडा असतो. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला साधारण ५२० मीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन १८३ सेंटिमीटर. त्याच्या निम्मे, सुमारे ९१ सेंटिमीटर, हे अंतर पिस्टनपासून निमुळत्या कोनाच्या मध्यापर्यंत हवं. हेच ७००० आरपीएमला हवं असेल तर ११७ सेंटिमीटर होतं. आता माझी चूक बघा. पोर्टची कड १ मिमी वर नेली की उघडा काळ जवळपास ४ अंशांनी वाढतो. मी पोर्ट ८ अंशांनी बदलला आणि पाइप जुन्या हिशोबाचाच राहिला.

हे शास्त्र ज्यांनी टोकाला नेलं तेही फार मोठ्या पैशावर नेलं नाही. पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन काम करायचे. त्यांच्या इंजिनातला रोटरी डिस्क व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी फिरती चकती) मुळात झिमरमान या खासगी ट्यूनरने आपल्या गाडीवर बसवलेला होता. काडेननी त्याला चेंबरची आणि जादा ट्रान्सफर पोर्टची (मिश्रण क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये नेणाऱ्या वाटेची) जोड दिली आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेला पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे गेली. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं. इतक्या तुटपुंज्या साधनांतून इतकं मोठं काम उभं करणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

तुमच्या गाडीकडे येतो. यामाहाची मूळ आरडी ३५० एकोणचाळीस अश्वशक्तीची. एस्कॉर्ट्सने आपल्याकडे मायलेजसाठी तिचा श्वास आवळला, म्हणून एचटी (हाय टॉर्क) मॉडेल साडेतीसवर आलं आणि एलटी (लो टॉर्क) २७ वर. पहिलं काम म्हणजे ही गेलेली ताकद होईल तेवढी परत आणणं, तेही ब्लॉक न कापता. बोअर ६४, स्ट्रोक ५४ मिमी हीच मापं यामाहाच्या टीझेड ३५० या अस्सल रेसिंग गाडीचीही होती. पण टीझेड पाण्याने थंड व्हायची, तुमची वाऱ्यावर थंड होते. तिचं कॉम्प्रेशन, तिचा इग्निशन टाइम जसाच्या तसा उचलू नका, पिस्टनला भोक पडेल.

त्याही आधी गळती तपासा. वस्तादांकडे डॉक्टरांनी टाकून दिलेलं बीपीचं मशीन होतं. कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं रबर लावून बंद करायची, एका बुचातून नळी आत घालायची आणि रबरी फुगा दाबत काटा २५० वर न्यायचा. पाच मिनिटं तो जवळजवळ जागचा हलता कामा नये. हलला तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. आरडीत डाव्या बाजूचा क्रँक सील कोरडा असतो. तो गेला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. डावा पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. माझा पकडला होता, तोही फुल थ्रॉटलला. क्लचवर दोन बोटं होती म्हणून वाचलो, तुम्हीही ठेवत जा. उजवा सील गेला तर गाडी गिअरबॉक्सचं ऑइल पिते आणि धूर ओकते, म्हणजे निदान कळतं तरी.

चेंबर आम्ही १ मिमीच्या पत्र्याचे करायचो. आधी पुठ्ठ्याचे कोन कापून गाडीखाली लावून बघायचे, वळणावर गाडी झुकली की घासत नाही ना ते तपासायचं, मग पत्रा कापून पाइपावर हातोडीने वळवायचा आणि गॅस वेल्डिंगने जोडायचा. जोडाचा थेंब आत उतरू द्यायचा नाही. चेंबर बसले की कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) मोठा घालून सुरुवात करा आणि प्लगचा रंग बघत एकेक पायरी खाली या. उलटं कधीच करू नका.

पोर्टचा मोह सुटत नसेल तर भंगारातला ब्लॉक आणा. बोअरच्या आत कागदाची पट्टी बसवून ग्रीस लागलेल्या बोटाने घासली की पोर्टच्या कडा उमटतात. तो तुमचा नकाशा. क्रँकवर कोनमापक लावून पोर्ट किती अंशांना उघडतो ते त्यावर लिहा, मगच कानस. पोर्टची रुंदी बोअरच्या ६५ टक्क्यांपुढे, म्हणजे साधारण ४१ मिमीपुढे नेऊ नका, रिंग अडकते. शेवटी प्रत्येक कड बोटाला टोचणार नाही इतकी गोलसर करा.

ऑइलचा पंप रेसर लोक काढून टाकायचे आणि टाकीतच एरंडेलाचं ऑइल मिसळायचे, वीस लिटरला एक लिटर. तो वास मला अजून ओळखू येतो. तुम्ही मात्र पंप काढू नका. आंबोलीचा घाट थ्रॉटल मिटून उतरलात की टाकीत मिसळलेलं ऑइल इंजिनापर्यंत जेमतेमच पोचतं. आणि ब्रेक! मूळ गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे ड्रम आला. तुमची गाडी एवढी पळायला लागायच्या आत नवे लायनर टाका आणि दोन्ही शू एकाच वेळी लागतात का ते बघा.

गाडी एचटी आहे की एलटी, बीपीचा काटा किती वेळ टिकला, आणि पट्टीवर एक्झॉस्ट पोर्टची वरची कड ब्लॉकच्या माथ्यापासून किती मिलिमीटरवर आली, एवढं इथे लिहा. चेंबरची मापं मी काढून देतो.