मुलगा चित्रकार आहे, आता काय?

मुलाला बी.एफ.ए. होऊन चार वर्षं झाली. नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो. मी दरमहा १२ हजार पाठवतो. हे कधी थांबवावं?
(एक वडील, सांगली)

हे पैसे नेमके कशाचे, ते तुमच्यात कधी ठरलं होतं का? बहुतेक घरांत ठरलेलं नसतं. एक तारखेला पैसे जातात आणि पाठोपाठ फोन: ‘काही विकलं गेलं का?’ हळूहळू मुलगा फोनच उचलेनासा होतो. एकदा समोरासमोर बसून ठरवा. दोन वर्षं, फक्त खोलीचं भाडं. रंग-कॅनव्हासचं त्याचं त्याने बघायचं. तो आठवड्यातून दोन दिवस ड्रॉइंगचे क्लास घेत असेल तर ‘शेवटी मास्तरच झालास’ असं चुकूनही म्हणू नका. माझ्या ओळखीच्या कितीतरी चित्रकारांची चूल त्यावरच पेटते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिपही त्याच्या कानावर घाला. २५ ते ४० वयाच्या कलाकारांसाठी असते.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायला वर्षं जातात, म्हणून मुलगी एका खासगी गॅलरीत प्रदर्शन करायचं म्हणते. भाडं, कॅटलॉग, फ्रेमिंग मिळून तीन लाख. फंडातून काढू का?
(एक आई, नाशिक)

काढू नका. १९५२ साली उघडलेल्या जहांगीरची रांग लांबच असते, पण म्हणून घाईने भलतीकडे जायचं कारण नाही. आधीच भाडं घेणाऱ्या गॅलरीची कमाई दार उघडण्यापूर्वीच झालेली असते. चित्रं विकली काय, न विकली काय, तिला फरक पडत नाही. विक्रीवर कमिशन घेणारी गॅलरी एक तृतीयांश, कधी निम्मेही घेते. ऐकून पोटात गोळा येतो, पण गिऱ्हाईक आणायची गरज तिलाही असते. (भाड्याच्या प्रदर्शनात समोसे आपणच सांगायचे आणि खाणारे आपलेच मावसभाऊ.) मुलीला तीन-चार मैत्रिणींबरोबर गटप्रदर्शन करू दे, १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवू दे. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर फ्रेमिंगचं बिल भरा.

एका गृहस्थांनी मुलाकडून त्यांच्या वाड्याचं चित्र पैसे देऊन करून घेतलं आणि मग ते कॅलेंडरवर छापलं. न विचारता छापता येतं का?
(एक वडील, सातारा)

दुर्दैवाने, बहुधा येतं. स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र विकलं तर ते भिंतीवर लावायला जातं, छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. पण मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाराच, असं १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणतो. पुढच्या वेळी आगाऊ रक्कम घेतानाच ‘छपाईचे हक्क चित्रकाराकडे’ एवढी ओळ दोघांच्या सहीने कागदावर येऊ द्या.

लेकीचे ३० कॅनव्हास माळ्यावर आहेत. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू का?
(एक आई, चिपळूण)

अजिबात नको. आत दमट हवा कोंडते आणि गणपतीपर्यंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांची बुरशी धरते. माळ्यावरून खाली आणा. भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर उभे ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, वरून जुनं सुती लुगडं. मागच्या बाजूला नाव, साल, माप लिहिलंय का बघा. नसेल तर लेकीला फोन लावा आणि एकेक चित्र दाखवून विचारून घ्या.