मार्कडाउनमधल्या (साध्या मजकुरात खुणांनी मांडणी लिहायची पद्धत) लिंका रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) कशा शोधायच्या? `.+` लावलं की एका ओळीतल्या दोन लिंका एकच धरल्या जातात.

`\[([^\]]+)\]\(([^)]+)\)` हा पॅटर्न लावा, पहिल्या गटात लिंकचं नाव येतं, दुसऱ्यात पत्ता. `.+` अधाशी असतं, म्हणजे जमेल तेवढा जास्त मजकूर धरतं. तुमच्या सातारा सहलीच्या यादीत एकाच ओळीत `[कास पठार](…)` आणि `[अजिंक्यतारा](…)` असेल, तर ते पहिल्या `[` पासून शेवटच्या `]` पर्यंतचं सगळं गिळतं. `[^\]]+` मात्र पहिल्याच `]` पाशी थांबतं. पायथॉनमध्ये फाइंडऑलला (`re.findall`) हा पॅटर्न दिला की नाव-पत्ता जोड्यांची यादी मिळते, मी रोजच्या कामात हेच वापरतो. फक्त पत्त्यातच कंस असला, जसं `कृष्णा_(नदी)`, तर हाती `कृष्णा_(नदी` एवढंच लागतं, असे पत्ते बरेच असतील तर रेगेक्स ताणत बसू नका, सरळ मार्कडाउन पार्सर (मार्कडाउनची रचना ओळखून वाचणारं तयार साधन) घ्या. चित्रं (`![…](…)`) वगळायची असतील तर पॅटर्नच्या सुरुवातीला `(?<!!)` जोडा.