जांभा मुळात काळा दगडच होता का? आणि दगड विरघळला की हवा थंड होते, हे खरं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राजापूरकडच्या तुमच्या गावी जिथे तिथे लाल जांभा, आणि अणुस्कुरा घाट चढायला लागलं की काळा कातळ. मग हा जांभा ज्वालामुखीत भाजून लाल झाला का, दगड विरघळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो का, आणि होत असेल तर सड्यावर (जांभ्याच्या उघड्या, सपाट माथ्यावर) काळ्या खडीची भुकटी पसरून काही साधेल का.

भाजण्याची गोष्ट सोडून द्या. ती कोकणात घरोघरी ऐकायला मिळते, कारण जांभ्याची भोकं लाव्हातल्या बुडबुड्यांसारखी वाटतात. पण घाटातल्या काळवत्रीत (त्याच काळ्या कातळात) बुडबुड्यांच्या जागा बघा: गोलसर, सुट्या सुट्या, आणि बऱ्याचदा पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या. जांभ्याचा चिरा फोडलात तर आतली भोकं वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली दिसतात. त्यांच्या भिंती तपकिरी-लाल, आत हळदी रंगाची किंवा पांढरट माती, आणि ओलं बोट फिरवलं की रंग बोटाला लागतो. हा भाजलेला दगड नव्हे, पाण्याने आतून पोखरलेला दगड आहे. राजापूर-रत्नागिरी भागात तो मुळात काळवत्रीच होता, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट. (सिंधुदुर्गात दक्षिणेकडे मात्र जांभ्याखाली काळवत्रीच सापडेल असं नाही, तिथे बरेच जुने खडक आहेत.)

पावसाचं पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. खरा जोर येतो तो जमिनीत शिरल्यावर, कारण मुळं आणि कुजणारा पाला यांमुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. असं पाणी बेसॉल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम आधी पळवतं. मग सावकाश सिलिका (वाळूत असते तीच) जाते, जी मूळ दगडात जवळजवळ निम्मी असते. लोखंड आणि ॲल्युमिनियम सहसा विरघळत नाहीत, ते मागे राहतात. लोखंड गंजतं, म्हणून लाल रंग; त्या गंजात पाणी धरलेलं असेल तर पिवळा. ॲल्युमिनियम फारच साचलं की बॉक्साइट होतं, दापोलीकडे त्याच्या खाणी आहेत. वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मग आठ महिने कोरडे: या कामाला याहून सोयीची हवा मिळणं कठीण.

हे सगळं एका नजरेत बघायचं असेल तर महामार्गाच्या रुंदीकरणात डोंगर जिथे उभा कापलाय तिथे थांबा. तळाला घट्ट काळवत्री. त्यावर गोल धोंडे, ज्यांचे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटतात आणि गाभा अजून काळाच असतो. त्याच्या वर पांढरट-गुलाबी चिकणमाती, आणि माथ्यावर जांभा. विहीर खणणाऱ्यांना हेच थर उलट्या क्रमाने भेटतात. जांभ्यातून पाणी सरसर खाली जातं, चिकणमातीवर अडतं आणि डोंगराच्या कुशीला झऱ्याने बाहेर येतं. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो तो यामुळेच. सड्यांचे माथे सपाट राहिले तेही जांभ्यामुळे: खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो आणि उन्हावाऱ्यावर टणक होत जातो, तसाच उघडा पडलेला सडाही घट्ट होतो आणि खालच्या मऊ मातीला पावसापासून राखतो.

आता हवामान. जांभा बघताना आपण उरलेल्या लोखंडाकडे बघतो. हवामानाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते निघून गेलेलं कॅल्शियम. हवेतला कार्बन पाण्यात बायकार्बोनेट बनून कॅल्शियमबरोबर नदीने समुद्रात जातो, तिथे प्राणी त्याचं कवच बांधतात. कवच बनताना निम्मा कार्बन डायऑक्साइड परत सुटतो, निम्मा चुनखडीत अडकून राहतो. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या आणि दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, शिंपल्याच्या चुन्याच्या. म्हणजे दगडातलं जे मागे राहिलं ते, आणि तसल्याच दगडांतून जे समुद्रात गेलं ते, पुन्हा एकाच भिंतीत. (शिंपले भट्टीत भाजले की अडकलेला वायू बाहेर पडतो आणि चुना वाळताना तो हळूहळू परत घेतो, पण तो हिशोब इथे नको.)

जगाच्या जमिनीत बेसॉल्टचा वाटा जेमतेम 5 टक्के धरतात, पण सिलिकेट (सिलिका असलेले) खडक झिजून जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो त्यातला सुमारे 30 टक्के एकट्या बेसॉल्टकडे जातो. म्हणून दख्खनचं नाव या चर्चेत सारखं येतं. डेनिस केंट आणि जोव्हानी मुत्तोनी या भूशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये असं मांडलं की भारत उत्तरेकडे सरकताना दख्खनचा ताजा बेसॉल्ट विषुववृत्ताच्या उष्ण, दमट पट्ट्यात शिरला, तिथे तो भराभर झिजला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीपासून पृथ्वी थंड होत गेली त्यात त्याचा हात होता. यावर वाद आहेत. हिमालय उंचावून झिजत गेला त्याला श्रेय देणारेही बरेच आहेत. मला दख्खनची बाजू पटते, पण एकट्याने एवढं काम केलं असेल असं वाटत नाही.

आजच्या तापमानवाढीवर याचा भरवसा मात्र धरू नका. दगड झिजून वर्षाला जेवढा कार्बन अडकतो त्याच्या सुमारे शंभरपट आपण कोळसा-तेल जाळून सोडतो. निसर्गाला हा हिशोब जुळवायला लाखो वर्षं लागतात.

तुमची भुकटीची कल्पना अगदीच हवेतली नाही. 'माती कार्बन' ही संस्था भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या भातशेतीत बेसॉल्टची भुकटी पसरते, आणि 2025 मध्ये तिला एक्सप्राइझ या कार्बन काढण्याच्या स्पर्धेचं 5 कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पण उघड्या सड्यावर भुकटी टाकाल तर पहिल्याच मोठ्या पावसात ती वाहून कुणाच्या तरी विहिरीत जाईल. टाकायची तर खाचरात किंवा कलमांच्या आळ्यात टाका, जिथे माती, ओल आणि मुळं आहेत. आपली माती आम्लधर्मी, कॅल्शियमला मोताद, आणि घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) तिच्यातलं लोखंड-ॲल्युमिनियम धरून बसतं, त्यामुळे पिकालाही थोडा फायदा व्हावा. भुकटी काळ्या दगडाच्या क्रशरवरची, पिठासारखी बारीक घ्या. चिरेखाणीतला लाल भुसा फुकट मिळाला तरी आणू नका, त्यात द्यायला काही उरलेलं नसतं. आधी मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता) तपासून घ्या, आणि एका कोपऱ्यात टाकून शेजारचा कोपरा तसाच ठेवा, म्हणजे फरक पडतो का ते तुमचं तुम्हालाच दिसेल. माती तपासणीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करता येईल.